नव्या कॅमशाफ्टच्या रन-इनला कोणती व्हॉल्व्ह स्प्रिंग घालावी?

रन-इन म्हणजे नवे भाग एकमेकांवर नीट बसावेत म्हणून इंजिन पहिल्यांदा चालवणं. प्रश्न थोडक्यात असा आहे. आठ सिलिंडरचं पुशरॉड इंजिन, सपाट तळाचे हायड्रॉलिक टॅपेट (कॅमच्या लोबवर, म्हणजे उंचवट्यावर, टेकून पुशरॉडला वर ढकलणारे दट्टे), कॅमशाफ्ट आणि टॅपेट दोन्ही नवे. कॅमच्या किटबरोबर दुहेरी स्प्रिंगचा संच आलाय. एकाने सांगितलं, आतली स्प्रिंग काढून रन-इन कर. दुसरा म्हणाला, इंजिनाच्या मूळच्या जुन्या स्प्रिंगच परत घाल. तिसऱ्याने बजावलं की कमजोर स्प्रिंगवर व्हॉल्व्ह फ्लोट होतील, म्हणजे स्प्रिंगच्या ताब्यातून सुटतील, आणि पिस्टनवर आपटतील. आता कोणाचं ऐकायचं?

तिघांच्याही म्हणण्यात काहीतरी खरं आहे. पण कोणती स्प्रिंग, हे शेवटी ठरवायचं. आधी ठरवायचं ते हे, की पहिल्या अर्ध्या तासात लोबच्या टोकावर किती भार पडू द्यायचा. तो आकडा हातात आला की स्प्रिंग आपोआप ठरते, आणि कित्येकदा काहीच बदलायची गरज नाही असंही निघतं.

सपाट टॅपेट म्हणतात खरं, पण त्याचा तळ अगदी सपाट नसतो. मध्यावर किंचित फुगीर असतो, डोळ्याला दिसणार नाही इतका. लोबच्या पृष्ठालाही एका कडेकडे एक-दोन हजारांश इंच उतार दिलेला असतो, आणि लोब टॅपेटच्या बरोबर मध्याखाली न येता जरा बाजूला येतो. या सगळ्याचा हेतू एकच: लोब फिरताना टॅपेटही आपल्या बोअरमध्ये गोल फिरत राहावा. फिरत राहिला तर घासण्याची जागा सतत बदलते. फिरायचा थांबला तर एकाच रेषेवर घासत बसतो, आणि मग लोब खाल्ला जायला काही मिनिटं पुरतात. नव्या जोडीत दोघांचा स्पर्श अगदी लहान ठिपक्याएवढ्या जागेत होतो. दोन्ही पृष्ठांवरचे बारीक उंचवटे अजून घासून गेलेले नसतात. रन-इनच्या काळात हे उंचवटे जातात, स्पर्शाची जागा पसरते, तेलातल्या जस्त-फॉस्फरसच्या पुरकाचा थर पृष्ठावर बसतो आणि टॅपेटला फिरायची सवय लागते. हे होईपर्यंत स्प्रिंगचा भार जितका कमी तितकं बरं.

आता तुमच्या आकड्यांकडे वळू. किटच्या कागदावर दोन भार दिलेले असतात. व्हॉल्व्ह बंद असतानाचा, म्हणजे सीट प्रेशर, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडलेला असतानाचा, म्हणजे ओपन प्रेशर. ओपन दिलेलं नसेल तर काढता येतं: स्प्रिंग रेटला (स्प्रिंग एक इंच दाबायला लागणारा भार) व्हॉल्व्ह लिफ्टने (व्हॉल्व्ह जितका उघडतो ते अंतर) गुणायचं आणि त्यात सीट प्रेशर मिळवायचं. समजा सीट १२५ पौंड, रेट इंचाला ३७० पौंड आणि लिफ्ट ०.४८० इंच, म्हणजे सुमारे १२.२ मिलिमीटर. ओपन प्रेशर झालं ३०३ पौंड. बरेच जण इथेच थांबतात. पण लोबला ३०३ पौंड जाणवत नाहीत. मध्ये रॉकर आहे, पुशरॉडचा धक्का व्हॉल्व्हकडे पोचवणारी तरफ; ती लोबची उचल जितक्या पट वाढवते ते तिचं गुणोत्तर. रॉकरचं गुणोत्तर १.५ असेल तर लोबच्या टोकावर ३०३ गुणिले १.५, म्हणजे साधारण ४५४ पौंड येतात. किलोत सांगायचं तर दोनशेहून जास्त, तेही ठिपक्याएवढ्या जागेवर.

त्याच संचातली आतली स्प्रिंग काढली आणि नुसत्या बाहेरच्या स्प्रिंगचं सीट प्रेशर ८५ पौंड, रेट २६० निघाला असं धरा. ओपन प्रेशर होतं २१० आणि लोबवरचा भार ३१५ पौंड. म्हणजे सुमारे ३० टक्के कमी. घर्षणाने होणारी उष्णताही ढोबळमानाने त्याच प्रमाणात घटते, आणि खरा फायदा हाच. धातूच्या स्पर्शबिंदूवरचा ताण मात्र तेवढा घटत नाही. भार वाढला की धातू थोडा दबतो आणि स्पर्शाची जागाही पसरते, त्यामुळे ताण भाराच्या घनमुळाच्या किंवा वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. ३० टक्के भार काढून ताण १२ ते १७ टक्केच उतरतो. हे मुद्दाम सांगतोय, कारण हलकी स्प्रिंग घातली की बाकी सगळं माफ, असा समज फार आहे. तसं नसतं. तेल वाईट असेल किंवा टॅपेट फिरत नसेल तर हलकी स्प्रिंगही लोब वाचवत नाही.

आता तिसऱ्या मित्राची भीती, व्हॉल्व्ह फ्लोट होण्याची. फ्लोट म्हणजे व्हॉल्व्ह, रॉकर, पुशरॉड, टॅपेट यांचं जडत्व स्प्रिंगच्या भारापेक्षा वरचढ होणं. जडत्वाचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. पूर्ण दुहेरी स्प्रिंगवर तुमचं इंजिन ६५०० आरपीएमला फ्लोट होत असेल, तर ३० टक्के भार काढल्यावर ती मर्यादा ५४०० च्या आसपास येते. रन-इन चालतं २००० ते २५०० ला, आणि तेही गाडीवर लोड नसताना. अंतर भरपूर आहे. भीती खोटी नाही, पण ती रस्त्यावर पाय दाबणाऱ्यासाठी आहे. एक गोष्ट मात्र मी पाळतो: आतली स्प्रिंग काढलेल्या इंजिनाला ३००० च्या वर नेत नाही. दुहेरी संचात आतली आणि बाहेरची स्प्रिंग एकमेकींची थरथरही दाबत असतात, आणि एकीला बाहेर काढलं की ती सोय जाते.

हाच वर्गाचा हिशोब उलट बाजूने पाहिला की आयडलिंगवर रन-इन का करत नाहीत तेही कळतं. लोबच्या टोकाजवळ व्हॉल्व्हट्रेनचं जडत्व स्प्रिंगच्या विरुद्ध काम करतं, म्हणजे लोबवरचा भार थोडा हलका करतं. ६५०० ला ते स्प्रिंगच्या बरोबरीचं असेल, तर २५०० ला सुमारे १५ टक्के भरतं आणि ८०० ला दीड टक्का. म्हणजे आयडलिंगवर स्प्रिंगचा जवळजवळ सगळा भार टोकावर. त्यात क्रँकवरून उडणारं तेल कमी, आणि लोब-टॅपेटमधली तेलाची फिल्मही पातळ. तिन्ही गोष्टी एकाच वेळी उलट्या पडतात. म्हणून इंजिन पेटल्या पेटल्या रेस २००० च्या वर न्यायची आणि २० ते ३० मिनिटं २००० ते २५०० च्या दरम्यान हळूहळू वरखाली करत ठेवायची. एकाच आकड्यावर खिळवून ठेवू नका. आरपीएम बदलला की तेल वेगवेगळ्या जागी उडतं.

मग वेगळ्या स्प्रिंगची गरज कधी? कॅमच्या कार्डावर बनवणाऱ्याने मर्यादा लिहिली असेल तर तीच पाळा, माझं ऐकू नका. लिहिली नसेल तर मी असं धरतो: १.५ च्या आसपासचा रॉकर असेल आणि ओपन प्रेशर २८० पौंडांच्या आत असेल, तर हात लावायचा नाही. संच आहे तसा बसवा, चांगलं तेल घाला, सुरू करा. ३०० च्या वर गेलं की भार उतरवण्याचा काहीतरी मार्ग शोधतो. मधल्या वीस पौंडांत बाकीची परिस्थिती बघून ठरवतो. रॉकर १.६ किंवा त्याहून जास्त असेल तर ही रेघ आणखी खाली आणावी लागते, कारण गुणाकार लोबवर होतो. तुमचे आकडे मी वर धरले तसेच असतील, तर तुम्ही रेघेच्या किंचित वर आहात.

पण आकडे स्वतः मोजलेले हवेत. किटच्या कागदावरचा सीट प्रेशरचा आकडा एका ठरावीक उंचीचा असतो, आणि तुमच्या हेडमध्ये स्प्रिंग त्याच उंचीला बसतेय याची काही खात्री नाही. व्हॉल्व्ह सीट पुन्हा कापलेल्या असतील तर व्हॉल्व्ह वर सरकतो, स्प्रिंगची बसलेली उंची वाढते आणि भार कमी होतो. स्प्रिंगखालच्या शिम, म्हणजे पातळ चकत्या, जास्त पडल्या तर उलटं. मी जे संच मोजले त्यात एकाच डब्यातल्या स्प्रिंगमध्येही फरक सापडला आहे. म्हणून स्प्रिंग टेस्टरवर सोळाच्या सोळा तपासा, प्रत्येक व्हॉल्व्हची उंची मोजा आणि लिहून ठेवा. हाताशी टेस्टर नसेल तर मशीनिंगच्या वर्कशॉपमध्ये असतो.

भार उतरवायचे मार्ग तीन.

पहिला, आतली स्प्रिंग काढणं. सर्वात सोपा आणि माझ्याही पसंतीचा, पण दोन गोष्टी बघून. बाहेरची स्प्रिंग खाली कशाने जागेवर राहते ते पाहा. काही हेडमध्ये खालची वाटी बाहेरून स्प्रिंगला कवेत घेते, तिथे प्रश्न नाही. काहींत मधल्या कॉलरवर आतली स्प्रिंग बसते आणि बाहेरची तिच्या आधाराने मध्यावर राहते. अशा रचनेत आतली काढली की बाहेरची सरकते, हेड खाते आणि रिटेनरवर, म्हणजे वरच्या टोपीवर, तिरकी बसते. दुसरं, बाहेरची एकटी असतानाचं सीट प्रेशर मोजा. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये तेलाचा दाब आतून प्लंजरला वर ढकलत असतो, त्याच्यापुढे स्प्रिंग अगदीच मिळमिळीत पडू नये. ७५-८० पौंड राहत असतील तर मला चालतात. आणि तुमच्या संचात दुसरी स्प्रिंग नसून पट्टीच्या आकाराचा चपटा डॅम्पर असेल, तर तो काढून काहीच साधत नाही. त्याचा स्वतःचा भार नगण्य असतो, तो फक्त थरथर दाबतो. तो राहू द्या.

दुसरा मार्ग, जुन्या मूळ स्प्रिंग. ऐकायला सुरक्षित वाटतो, आणि नेमका इथेच घात होतो. मूळ स्प्रिंग मूळ कॅमच्या लिफ्टसाठी बनलेली असते. नव्या कॅमची लिफ्ट जास्त असेल तर व्हॉल्व्ह पूर्ण उघडण्याआधीच कॉइल एकमेकांना टेकू शकतात. टेकल्या की ती स्प्रिंग राहत नाही, लोखंडाचा ठोकळा होतो. पुशरॉड वाकतो, रॉकरचा स्टड उपटतो, नाहीतर लोब जातो. म्हणजे भार वाचवायला गेलो आणि भाराची मर्यादाच उडाली. म्हणून जुनी स्प्रिंग घालायचीच असेल तर बसलेल्या उंचीतून पूर्ण दाबलेली उंची वजा करा, त्यातून नवी लिफ्ट वजा करा, आणि शिल्लक निदान ०.०६० इंच, म्हणजे दीड मिलिमीटर हवी. रिटेनरचा खालचा भाग आणि व्हॉल्व्हची ऑइल सील यांच्यातही तेवढीच जागा लागते. जुना रिटेनर आणि जुनी वाटी त्या स्प्रिंगबरोबरच घाला, सरमिसळ नको. हे सगळं जुळलं तर मार्ग चांगला आहे. वर निमुळत्या होत जाणाऱ्या एकेरी स्प्रिंगचा, म्हणजे बीहाइव्हचा संच असेल तर आतली काढायला मुळात आतली नसतेच, तेव्हा पर्याय हाच किंवा पुढचा.

तिसरा, रन-इनपुरते कमी गुणोत्तराचे रॉकर. याकडे फार कोणी बघत नाही. १.५ च्या जागी १.३ चे रॉकर लावले तर स्प्रिंगला हात न लावता दोन फायदे एकदम मिळतात. व्हॉल्व्ह लिफ्ट ०.४८० वरून ०.४१६ इंचावर येते, म्हणून ओपन प्रेशर २७९ होतं, आणि गुणायचं ते १.३ ने, म्हणून लोबवर ४५४ च्या जागी ३६३ पौंड. २० टक्के भार उतरला. हेड उघडायला नको, स्प्रिंग कॉम्प्रेसर नको, कॉटर (रिटेनर जागेवर धरणाऱ्या बारीक पाचरी) शोधत बसायला नको. अडचण एवढीच की तुमच्या इंजिनासाठी असे रॉकर मिळायला हवेत, पुशरॉड हेडच्या खाचेत घासायला नको आणि टॅपेटचा प्रीलोड, म्हणजे आतला प्लंजर किती दाबून ठेवायचा ते माप, दोनदा लावावा लागतो. ज्यांच्याकडे अशी इंजिनं वारंवार येतात त्यांनी एक संच ठेवावा. एकाच इंजिनासाठी विकत घेणं मला जास्तीचं वाटतं.

हे सगळं लागू आहे ते सपाट टॅपेटला. तुमचा कॅम रोलर टॅपेटचा असता तर मी उलट सांगितलं असतं: पहिल्या मिनिटापासून पूर्ण स्प्रिंग. तिथे घसरण्याऐवजी लोळणं असतं, लोबला असं रन-इन लागत नाही, आणि हलक्या स्प्रिंगमुळे जड रोलर लोबवरून उडून परत आपटण्याचा धोका असतो. हेडमध्येच कॅम असलेल्या, बकेट टॅपेटच्या इंजिनांत मध्ये रॉकरचा गुणाकार नसतो आणि हलणारे भागही हलके असतात, म्हणून तिथे बहुधा हा प्रश्न येतच नाही.

आता जे स्प्रिंगच्या प्रश्नात विचारलं नव्हतं पण त्याच्याइतकंच किंवा जास्त महत्त्वाचं आहे. टॅपेट खरंच नवे आहेत ना? जुने टॅपेट नव्या कॅमवर कधीच नाही, स्प्रिंग कितीही हलकी असो. प्रत्येक टॅपेटचा तळ दुसऱ्या टॅपेटच्या सरळ कडेला लावून उजेडासमोर धरा. कडांशी उजेडाची बारीक फट दिसली तर तळ फुगीर आहे. मध्ये दिसली तर तो खोलगट आहे, बाजूला ठेवा. कोरड्या बोअरमध्ये टॅपेट आपल्या वजनाने खाली सरकला पाहिजे आणि बोटाने सहज फिरला पाहिजे. जोडणी झाल्यावर क्रँक हाताने फिरवून बघा, लोब वर येताना पुशरॉड गोल फिरतो का. पुशरॉडवर मार्करने एक रेघ ओढली की लगेच दिसतं. जो फिरत नाही तिथे इंजिन सुरू करण्याआधीच थांबा आणि कारण शोधा.

तेल रन-इनसाठीचं खास घ्या, किंवा झेडडीडीपीचं, म्हणजे वर सांगितलेल्या जस्त-फॉस्फरसच्या पुरकाचं, प्रमाण चांगलं असलेलं. २००४ मध्ये आलेल्या एपीआय एसएम या तेलाच्या दर्जात ५डब्ल्यू-३० सारख्या पातळ तेलांतल्या फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची, म्हणजे ८०० पीपीएमची मर्यादा आली. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर टिकावा म्हणून ती ठीक आहे, सपाट टॅपेटला मात्र ते अपुरं पडतं. लोबवर आणि टॅपेटच्या तळावर जोडणीची दाट मॉलिब्डेनम पेस्ट लावा.

आणि इंजिन पहिल्या फटक्यात पेटलं पाहिजे. कार्बोरेटरमध्ये आधी पेट्रोल भरा, टायमिंग जुळवून ठेवा, पाणी भरलेलं असू द्या, आणि ऑइल पंप डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर चालत असेल तर ड्रिलने तो फिरवून तेलाचा दाब आधी उभा करा. सेल्फ मारत बसणं म्हणजे दोनशे आरपीएमला, तेल न उडता, पूर्ण भाराने लोब घासणं. पेस्ट तिथेच पुसून जाते. आतली स्प्रिंग काढायला अर्धा दिवस घालवायचा आणि मग टायमिंग चुकलं म्हणून दहा मिनिटं सेल्फ मारायचा, हे माझ्या समजेपलीकडचं आहे, पण बघायला मिळतं. मधेच गळती दिसली किंवा पाणी तापलं तर आयडलिंगवर आणून बघत बसू नका. इंजिन बंद करा, दुरुस्त करा, पुन्हा सुरू करून उरलेली मिनिटं पूर्ण करा.

तुमच्या जागी मी असतो तर वाटी बाहेरून धरणारी आहे याची खात्री करून आतली स्प्रिंग काढली असती. काढलेल्या स्प्रिंगला सिलिंडरचा नंबर बांधा, कारण शिम प्रत्येक जागी वेगळ्या असू शकतात. अर्ध्या तासाच्या रननंतर गरम तेल काढून टाका आणि फिल्टर कापून कागद उघडून बघा. राखाडी, बोटावर न जाणवणारी भुकटी आणि पेस्टचा काळसरपणा असणारच. चुंबकाला चिकटणारे, बोटाला टोचणारे चकचकीत कण असतील तर आतल्या स्प्रिंगला हात लावायची घाई नको. आधी डायल गेजने प्रत्येक व्हॉल्व्हची लिफ्ट मोजा. हायड्रॉलिक टॅपेटमध्ये आकडा थोडा हलतो, म्हणून कागदावरच्या आकड्याशी न भिडवता बाकीच्या तशाच व्हॉल्व्हशी, म्हणजे इनलेटची इनलेटशी आणि एक्झॉस्टची एक्झॉस्टशी तुलना करा. एखादा स्पष्ट कमी भरला तर तो लोब गेला.

फिल्टर स्वच्छ असेल तर हेड न उतरवता आतल्या स्प्रिंग घालता येतात. त्या सिलिंडरचा पिस्टन टीडीसीला, म्हणजे सर्वात वरच्या जागी, आणा, दोन्ही व्हॉल्व्हचे रॉकर सैल करून बाजूला घ्या, स्पार्क प्लगच्या भोकातून हवेचा दाब सोडा म्हणजे व्हॉल्व्ह खाली पडणार नाहीत, आणि लिव्हरच्या कॉम्प्रेसरने एकेक स्प्रिंग दाबा. हवा सोडताना क्रँक अचानक फिरू शकतो, पान्यावर हात ठेवून उभे राहू नका. काँप्रेसर नसेल तर पिस्टन जरा खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी आत सोडा आणि क्रँक हाताने वर फिरवून दोरी व्हॉल्व्हखाली दाबून धरा. दोरीचं टोक बाहेर राहू द्या. शेवटी सगळ्या टॅपेटचा प्रीलोड नव्याने लावा, आणि पुढचे काहीशे किलोमीटर होईपर्यंत रेड लाइनकडे जाऊ नका. नवी स्प्रिंगही पहिल्या काही गरम-थंड फेऱ्यांत थोडा भार गमावून मग स्थिर होते, म्हणून सीट प्रेशर कागदापेक्षा पाच-सात पौंड कमी भरलं तर लगेच शिम घालायला धावू नका.